पुनर्वसन इमारतीच्या खालच्या मजल्यांवर उजेड-वारा नाही, क्षयाचे रुग्ण वाढतायत. सोसायटीने काय करावं?

सोसायटी_सचिव

नमस्कार मंडळी. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन वसाहतीसाठी विचारतोय. इमारत तळमजला अधिक सहा, उंची साधारण २१ मीटर. समोरची इमारत तेवढीच उंच आणि मधलं अंतर ३ मीटर. इमारतीत प्रत्येक मजल्यावर मधून पॅसेज, दोन्ही अंगांना २२५ चौरस फुटांची घरं. प्रत्येक घराला बाहेरच्या भिंतीत एकच खिडकी, संडास-मोरीची झडप डक्टमध्ये (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत) उघडते. पॅसेजच्या एका टोकाची खिडकी पत्रा ठोकून बंद आहे, दुसऱ्या टोकाला भंगार आणि सायकली. दुसऱ्या मजल्यापर्यंत दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात. क्षयाची औषधं चालू असलेली घरं बहुतेक तळ ते दुसऱ्या मजल्यावरची आहेत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. इमारतीचा आणि आजाराचा खरंच संबंध आहे, की हे सगळं गर्दी आणि गरिबीमुळे? इमारत पाडता येत नाही, तर आहे त्यात काय सुधारता येईल, आणि आधी काय हाती घ्यावं? शेजारच्या वस्तीत नवीन झोपू (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना येतेय, तिथले लोक आम्हाला विचारतात: संमतीची सही करण्याआधी नकाशात नेमकं काय बघायचं?

छातीरोग_मुंबई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. संबंध आहे, आणि तो तुमच्याच भागात तपासला गेला आहे. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने मानखुर्द-गोवंडीतल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून. तिथे दर दहा घरांमागे जवळपास एका घरात क्षय आढळला. पीएमजीपीमध्ये अंतर जास्त, उजेड बरा, आणि तिथे शंभर घरांमागे एक. तिन्ही ठिकाणची माणसं साधारण एकाच आर्थिक थरातली. खालच्या मजल्यांवरची परिस्थिती जास्त वाईट, हेही त्यात दिसलं. अशा पाहणीने ‘इमारतीमुळेच आजार झाला’ हे शंभर टक्के सिद्ध होत नाही, कारण काही कुटुंबं जुन्या वस्तीतून संसर्ग घेऊनच आलेली असू शकतात. पण क्षय पसरतो कसा हे माहीत असलेल्या कोणालाही त्यात नवल वाटणार नाही.

खोकल्यातून, बोलण्यातून जे बारीक कण बाहेर पडतात, ते सुकून हलके होतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. खोलीतली हवा तासाला दोनदाच बदलत असेल, तर ९९ टक्के कण निघून जायला सव्वादोन तासांच्या वर लागतात. तासाला सहादा बदलली तर पाऊण तास, बारादा बदलली तर २३ मिनिटं. एवढाच सगळा हिशेब आहे. रोगी, जंतू, औषध तेच. खोली वेगळी असली की बाकीच्यांच्या फुप्फुसात जाणारा जंतूंचा डोस वेगळा होतो. थेट ऊन जंतू मारतं, पण बंद काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं फारसं नाही, काच उपयोगी किरण अडवते. तेव्हा खिडकी उघडी हवी.

आता जे मी सर्वात आधी करेन ते. वाऱ्याची कामं व्हायला महिने लागतील, निदान मात्र या आठवड्यात होऊ शकतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, थुंकीत रक्त, यातलं काहीही असलेल्या प्रत्येकाची थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर (क्षयाचे जंतू जनुकांवरून ओळखणारी यंत्रं) जायला हवी. महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे. औषधाला दाद देणारा साधा क्षय असेल, तर योग्य औषधं सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत रुग्णाची संसर्ग पसरवण्याची शक्ती खूप घटते. घराला खरा धोका निदान न झालेल्या माणसाकडून असतो. औषध घेणाऱ्याला वाळीत टाकण्यात काही अर्थ नाही. सोसायटीच्या फलकावर रुग्णांची यादी लावण्याचा विचार कोणी मांडला तर तो तिथेच थांबवा, नाहीतर पुढचे सगळे लपून राहतील.

रुग्णाच्या घरातल्या बाकीच्यांची तपासणी आणि प्रतिबंधक उपचार हा सरकारी क्षय कार्यक्रमाचाच भाग आहे. क्षय नाही याची खात्री झाल्यावर आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रा, किंवा सहा महिने रोजची गोळी. पाच वर्षांखालच्या मुलांना यात अजिबात वगळू नका.

आणि अन्न. झारखंडमध्ये रुग्ण आणि त्यांच्या घरातल्यांना दरमहा शिधा देऊन झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या. एवढ्याने घरातल्यांमध्ये नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. इमारतीइतकंच ताटही मोजा. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला महिन्याला १००० रुपये मिळतात (२०२४ च्या नोव्हेंबरपासून; त्याआधी ५००). खातं जोडलेलं नसल्याने पैसे अडकतात, ते आशा सेविका किंवा आरोग्य केंद्रातून नीट करून घ्या. हेल्पलाइन १८००-११-६६६६.

रेषा_आणि_कोन

वास्तुरचनेच्या बाजूने लिहितो. दुसऱ्या प्रश्नाला सुरुवात करण्याआधी तुमच्या आकड्यांचा अर्थ सांगतो, म्हणजे काय शक्य आहे आणि काय नाही ते कळेल.

२१ मीटर उंच आणि ३ मीटर अंतर म्हणजे तळमजल्याच्या जमिनीवरून समोरच्या कठड्याकडे पाहिलं तर ८२ अंशांचा कोन. आकाशाची फक्त एक चिंधी दिसते. डिसेंबरात मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. तुमची फट पूर्व-पश्चिम असेल, तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ऊन वरून जेमतेम सव्वातीन मीटर उतरतं, म्हणजे फक्त वरचा मजला. खाली थेट ऊन आणायचा कोणताही उपाय नाही. तेव्हा खालच्या मजल्यांना मिळणारा जवळपास सगळा उजेड समोरच्या भिंतीवरून परतलेला असतो. मळक्या, शेवाळलेल्या सिमेंटच्या भिंतीवरून आलेल्या उजेडाचा पाव भागही परतत नाही; ताज्या पांढऱ्या रंगावरून पाऊण भाग परततो. म्हणून पहिलं काम: दोन्ही इमारतींच्या एकमेकींकडच्या भिंती आणि डक्टच्या आतल्या भिंती शेवाळरोधक पांढऱ्या रंगाने रंगवा. समोरच्या सोसायटीशी बोलणी करावी लागतील, कारण तुमचा उजेड त्यांच्या भिंतीवर आहे आणि त्यांचा तुमच्या. आधी पाइपांची गळती बंद करा, नाहीतर एका पावसाळ्यात रंग फुगून खाली येईल.

दुसरं, खिडकी. दमट उष्ण हवामानासाठी राष्ट्रीय इमारत संहितेतलं प्रमाण आहे: उघडणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ खोलीच्या एक षष्ठांश. १२ चौरस मीटरच्या खोलीला २ चौरस मीटर. पण नकाशात दाखवलेली खिडकी सरकती असते. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते, म्हणजे हातात एक बारांश. त्यावर बाहेर आलेली जाळी, जाळीत पिंप, गाद्या, जुनी मिक्सरची खोकी. मग जे उरतं ते पोस्टाच्या पेटीच्या फटीएवढं. बिजागरीच्या खिडक्या बसवल्या तर पूर्ण उघडतात; खर्च परवडत नसेल तर निदान जाळीतलं सामान काढणं फुकट आहे. तळ ते दुसऱ्या मजल्यापासून सुरुवात करा, तिथे फरक जास्त पडतो.

तिसरं, पॅसेज. दोन्ही टोकं उघडी झाली की वारा आरपार जातो. पत्रा काढून तिथे लोखंडी जाळी आणि वर पावसाचं छज्जं. पावसाचं पाणी आत येतं हेच पत्रा ठोकण्यामागचं कारण असतं, ते सोडवलं नाही तर पत्रा परत लागेल.

एकाच बाजूला खिडकी असलेल्या घरात बाहेरची हवा छताच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट खोलवर पोचते. २.७ मीटर छत असेल तर साडेपाच ते पावणेसात मीटर. मध्ये कपाटाची किंवा प्लायवूडची पार्टिशन छतापर्यंत असेल तर तिथेच थांबते. पार्टिशन वरून ४५ सेंटिमीटर मोकळं ठेवायला सांगा. दाराच्या वर पॅसेजमध्ये उघडणारा झरोका केला तर घरातून आरपार वारा मिळेल.

छातीरोग_मुंबई

@रेषा_आणि_कोन, शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. ज्या घरात थुंकीत जंतू असलेला रुग्ण आहे, तिथली हवा पॅसेजमध्ये सोडली तर ती शेजारच्या आठ घरांना मिळेल. वारा कोणत्या दिशेला वाहील यावर झरोक्याचं काही नियंत्रण नसतं.

रेषा_आणि_कोन

बरोबर आहे, दिशा महत्त्वाची. मग झरोक्याबरोबर खिडकीत बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावायचा, म्हणजे हवा पॅसेजकडून आत आणि घरातून बाहेर अशीच जाईल. हिशेब: २२५ चौरस फूट म्हणजे २०.९ चौरस मीटर, गुणिले २.७, म्हणजे सुमारे ५६ घनमीटर. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर ३४० घनमीटर प्रति तास. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, ४०० च्या वरचा घ्या कारण जाळी आणि धुळीने क्षमता घटते. पाती महिन्यातून एकदा पुसायची.

यात तीन चुका नेहमी होतात. पंखा डक्टमध्ये सोडतात, मग ती हवा वरच्या घराच्या मोरीतून आत शिरते. पंख्याशेजारचीच खिडकी उघडी ठेवतात, मग पंखा तीच हवा गोल गोल फिरवतो आणि खोलीच्या आतल्या अंगाला काही होत नाही. तिसरी चूक, दार-झरोका घट्ट बंद. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. आगीच्या दृष्टीने झरोक्याबद्दल अग्निशमन दलाच्या माणसाला विचारून घ्या, पॅसेज हाच तुमचा पळण्याचा मार्ग आहे. परवानगी नसेल तर दाराखाली दीड-दोन इंच फट पुरते. रुग्णाने झोपायचं पंख्याच्या बाजूला, बाकीच्यांनी दाराच्या बाजूला.

छातीरोग_मुंबई

हे मान्य. आणि केलेल्या कामाचा उपयोग होतोय का हे मोजता येतं. कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, संपूर्ण इमारतीला एक पुरतो. एनडीआयआर सेन्सर (हा वायू अवरक्त किरणांनी थेट मोजणारा) असलेलाच घ्यायचा. ‘ईसीओटू’ लिहिलेली स्वस्त यंत्रं दुसऱ्या वायूंवरून नुसता अंदाज करतात, अगरबत्ती पेटवली की भलतंच दाखवतात. बाहेर ४२० च्या आसपास आकडा येतो. रात्री सगळे झोपल्यावर घरात १००० च्या वर गेला तर हवा पुरेशी बदलत नाही. गॅस पेटलेला असताना मोजू नका, ज्योतही तोच वायू सोडते. कामाआधी आणि कामानंतर तेवढीच माणसं, तीच वेळ, तीच जागा ठेवून मोजा. सभेत भांडण न होता निर्णय व्हायला हे आकडे उपयोगी पडतात.

यूव्हीचे दिवे घरी लावू नका. डोळे आणि कातडी भाजते.

पाण्याची_टाकी

डक्टबद्दल थोडं सांगतो, कारण अशा इमारतींत बहुतेक घाण तिथून सुरू होते. वर गच्चीवर जाऊन बघा: डक्टचं तोंड पत्र्याने झाकलेलं असेल तर खालच्या मोऱ्यांची वाफ आणि वास बाहेर जायला वाटच नाही. पाऊस अडवायचा असेल तर पत्रा कठड्यापासून निदान ६० सेंटिमीटर वर उचला, चारही बाजू उघड्या ठेवा.

खाली कचऱ्याचा थर असतो, त्यात फुटलेल्या सॉइल पाइपचं (संडासाच्या पाइपचं) पाणी. उंदीर, झुरळं, आणि पावसाळ्यात लेप्टोची भीती. थर काढण्याआधी वरून कचरा टाकणं बंद व्हायला हवं, त्यासाठी प्रत्येक मजल्याच्या डक्टच्या झडपेला बारीक जाळी. मग पाइप बदला, मगच तळाला उतार देऊन कोबा करा. क्रम उलटा केला तर कोबा फोडावा लागतो. चेंबर तुंबला असेल तर माणूस आत उतरवायचा नाही, ते बेकायदा आहे आणि जीव जातो. महापालिकेचं किंवा खासगी जेटिंग मशीन बोलवा. डक्टची सफाई करणाऱ्यालाही गमबूट आणि हातमोजे सोसायटीने द्यायचे.

खिडक्या उघड्या ठेवा म्हटलं की पहिला आक्षेप डासांचा येणार. बरोबरच आहे तो. मलेरियाचा शहरातला डास गच्चीच्या टाकीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, डेंगीचा घरातल्या पिंपात आणि कुंडीखालच्या ताटलीत. टाक्यांना घट्ट झाकण, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी पालथी. खिडकीला मच्छरजाळी लावली तर वारा बराच घटतो, म्हणून उघडणारा भाग मोठा असणं आणखी गरजेचं.

सोसायटी_सचिव

सगळ्यांचे आभार. डक्टवरचा पत्रा सहाव्या मजल्यावरच्यांनी घातलाय, गळतीमुळे. आणि खर्च कोणी करायचा यावर गाडी अडेल. शेजारच्या वस्तीच्या प्रश्नावरही कोणीतरी लिहा.

माहितीचा_अर्ज

खर्चाचं थोडक्यात: डक्ट, पॅसेज, बाहेरच्या भिंती, टाक्या ही सामायिक जागा, खर्च सोसायटीचा, ठराव सर्वसाधारण सभेत. खिडक्या आणि पंखे ज्याचे त्याचे. गच्चीची गळतीही सोसायटीनेच दुरुस्त करायची असते. ती केली की सहाव्या मजल्यावरच्यांना पत्र्याची गरज उरणार नाही, म्हणून पत्रा काढण्याची नोटीस देण्याआधी वॉटरप्रूफिंगचा ठराव करा. विकासकाने देखभालीसाठी भरलेली अनामत कुठे आहे आणि तिचं व्याज कुठे जातं, ते सोसायटीच्या नावाने लेखी विचारा. बऱ्याच सोसायट्यांनी हे कधी विचारलेलंच नसतं.

आता शेजारच्या वस्तीबद्दल. हे अंतर इतकं कमी झालं कसं, ते आधी समजून घ्या, म्हणजे कुठे बोट ठेवायचं कळेल. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या जमिनीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतचा कोन त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. सोप्या भाषेत, इमारतीच्या उंचीच्या निम्मं अंतर समोर मोकळं. तुमच्या २१ मीटरला साडेदहा मीटर. शंभर वर्षांपूर्वी आरोग्याच्या कारणासाठी मांडलेलं हे प्रमाण, आणि आज पुनर्वसनाच्या इमारतीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंही अंतर मिळत नाही.

कारण योजनेच्या गणितात आहे. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण झालं. रहिवाशाला घर मोफत, विकासकाला त्या बदल्यात विक्रीसाठी बांधकाम. भूखंड एकच. पुनर्वसनाच्या इमारती जितक्या कमी जागेत कोंबल्या जातील तितकी विक्रीच्या टॉवरला जागा मोकळी. नियमावलीत हेक्टरी घरांची संख्या किमान किती असावी हे लिहिलेलं आहे, कमाल किती यावर तसा लगाम नाही. आणि मोकळ्या अंतरात सवलती मिळतात. घराचं क्षेत्रफळ मात्र वाढत गेलं: २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. लोक सही करताना चौरस फूट विचारतात, कारण जाहिरात त्याचीच होते. दोन इमारतींतल्या अंतराचा आकडा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते आरोग्यासाठी ७५ चौरस फुटांपेक्षा तो आकडा मोठा आहे.

संमतीआधी पुढची कागदपत्रं मागा: संपूर्ण भूखंडाचा लेआउट, पुनर्वसन इमारतीचा एका मजल्याचा नकाशा, आणि दोन इमारतींमधून कापलेला छेद (इमारती उभ्या कापून दाखवणारा नकाशा). तिसरा कागद सहसा दाखवत नाहीत, नेमका तोच हवा. त्यावर उंची आणि अंतर लिहून घ्या, उंची भागिले अंतर करा. दोनच्या आसपास आलं तर उत्तम, तीन-चारवर बोलणी करता येतील, सातच्या जवळ गेलं तर तुमच्यासारखी इमारत उभी राहील. अंतर मोजताना छज्जे, जिने, मीटररूम, कंपाउंडची भिंत बाहेर आलेली आहे का ते बघा. मग उत्तर दिशा शोधा, पॅसेज दोन्ही टोकांना उघडा आहे का ते बघा, डक्टची रुंदी आणि तिथे साफसफाईला जायला दार आहे का ते बघा. विक्रीच्या टॉवरची पार्किंगची इमारत पुनर्वसनाच्या खिडक्यांसमोर येते का, हेही. ती पहिल्या नकाशात नसते, नंतरच्या सुधारित नकाशात येते.

योजनेला ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. म्हणजे वजन सहीच्या आधी आहे, नंतर नाही. विकासकाशी होणाऱ्या करारात किमान अंतराचा आकडा मीटरमध्ये लिहून घ्या, ‘नियमानुसार’ हा शब्द मान्य करू नका. सवलतही नियमानुसारच मिळते. सुधारित नकाशा आला तर सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याची अटही त्यात घाला.

योजना पुढे गेली असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर प्रथम अपील. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज फिरतो. नेमकं मागा: इरादापत्राची (योजनेला प्राधिकरणाने दिलेल्या सुरुवातीच्या मंजुरीपत्राची) प्रत, मंजूर व सुधारित नकाशे, मोकळ्या अंतरातल्या सवलतींचा प्रस्ताव आणि त्यावरची टिपणी, अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र. अग्निशमनचं पत्र बऱ्याचदा कामाचं ठरतं, कारण गाडी फिरायला लागणारं अंतर आणि उजेडासाठी लागणारं अंतर एकाच मोकळ्या जागेतून यायचं असतं.

नियमच बदलायचा असेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली नियमावलीतल्या फेरबदलाची सूचना निघते तेव्हा हरकती-सूचनांना महिनाभर मिळतो. एका संस्थेच्या नावाने एक पत्र जाण्यापेक्षा प्रत्येक सोसायटीचं वेगळं पत्र, सोबत मजल्यानुसार रुग्णसंख्या (नावं नकोत) आणि वर सांगितलेले कार्बन डायऑक्साइड मीटरचे आकडे. असं पत्र बाजूला सारणं अवघड जातं.

सोसायटी_सचिव

छेदाचा मुद्दा आजच शेजारी कळवतो. एक शंका: आमच्या इमारतीच्या सुधारित नकाशाची प्रत सोसायटीकडे नाही. कुठून मिळेल?

माहितीचा_अर्ज

ज्या प्राधिकरणाने भोगवटा प्रमाणपत्र दिलं त्याच्याकडे त्या प्रमाणपत्राबरोबर जोडलेला नकाशा मागा, तो शेवटचा असतो. त्यावरची अंतरं आणि जागेवरची अंतरं फितीने मोजून ताडा. प्लॅस्टर आणि क्लॅडिंग धरून पाच-दहा सेंटिमीटरचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर फोटोत फीत दिसेल असा फोटो काढून तारखेसह अर्ज करा.